उरण रोड, तेव्हाचा आणि आताचा

सरकारी कागदांत या रस्त्याच्या बऱ्याच भागाचं नाव वर्षानुवर्षं ‘राज्य महामार्ग ५४’ असं होतं. आमच्या पट्ट्यात ते नाव कुणी तोंडानं उच्चारलेलं मला आठवत नाही. पनवेलहून येणाऱ्याला तो उरण रोड, उरणकराला पनवेल रोड आणि मधल्या गावांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना नुसती सडक. गव्हाण फाटा, जासई, दास्तान फाटा, करळ आणि मग बंदराचं दार. महाराष्ट्रातल्या लांबलचक राज्य महामार्गांपुढे हा रस्ता अगदीच तोकडा. पण देशातल्या प्रमुख बंदरांत जेवढे कंटेनर चढतात-उतरतात, त्यांतले निम्म्याच्या आसपास एकट्या न्हावाशेवा बंदरात हाताळले जातात, आणि त्यांतला मोठा हिस्सा याच पट्ट्यातल्या डांबरावरून पुढे जातो. कुणाच्या घरातला टीव्ही, कुणाच्या कारखान्यातलं यंत्र, कुणाच्या शेतातला कांदा, कुणाच्या बागेतली द्राक्षं, सगळं आमच्या अंगणासमोरून जातं.

मी याच रस्त्याकडेच्या एका गावात वाढलो. आधीचा रस्ता पाहिला, आताचाही रोज पाहतो. या दोन रस्त्यांविषयी मनात बरंच साठलं आहे.

आज उरणला कुणी बेट म्हणत नाही. पण १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर ज्या कारंजा बेटाचा उल्लेख येतो, ते हेच. पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेलेलं बेट. एका अंगाला द्रोणागिरीचा डोंगर, दुसऱ्या अंगाला मोरा बंदर आणि पाठीशी मुख्य भूमीपासून वेगळं करणाऱ्या खाड्या आणि खाजणं. शेवा आणि न्हावा ही त्याच्या शेजारची धाकटी बेटं. भरतीला मधल्या खाजणांत पाणी चढायचं, ओहोटीला नुसता काळा चिखल उरायचा. त्या चिखलावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी मातीचे बांध घातले, उघाड्या बसवल्या, आतलं पाणी बाहेर काढलं आणि बाहेरचं अडवलं. कुठे मिठागरं झाली, कुठे भाताची खाचरं. रस्त्यानं बेट मुख्य भूमीला जोडलं असं आपण सहज म्हणतो. पण रस्त्याच्या कितीतरी आधी ते या बांधांनी जोडलं होतं. डांबर त्यांच्यावर नंतर चढलं. आमच्या आजोबा-पणजोबांनी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून केलेलं ते काम कुठल्याही अभियंत्याच्या नावावर नोंदलेलं नाही, म्हणून ते इथे आधी सांगितलं.

माझ्या आठवणीतला रस्ता अरुंद. समोरासमोर दोन एसट्या आल्या की एकीला कडेच्या मातीत उतरावं लागायचं. दोन्ही बाजूंना पाणी, मधे ही काळी पट्टी. पावसाळ्यात दोन्हीकडे भाताचा हिरवा रंग आणि जानेवारीनंतर मिठाचा पांढरा. पहिल्यांदा येणारा पाहुणा खिडकीतून त्या पांढऱ्या राशी बघतच राहायचा.

मिठागर मी जवळून पाहिलं आहे. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं. तिथे ते उन्हानं आटून दाट झालं की छोट्या वाफ्यांत सोडायचं. वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेली असायची, इतकी की मिठाला मातीचा रंग लागू नये. दुपारी वाफ्यावर पातळ साय धरायची. बोट लावलं की मोडायची आणि बोटाला खरखर लागायची. एक-दोन दिवसांनी तळाला खडे बसले की लाकडी फावड्यानं ते कडेला ओढायचे. ओढण्यात एक लय असायची, नवख्याला ती साधायची नाही. मग बाया टोपल्या डोक्यावर घेऊन राशीवर चढायच्या. मीठ डोळ्यांत जायचं, तळपायांना भेगा पडायच्या आणि त्या भेगांत पुन्हा मीठ. संध्याकाळी त्या बाया पाय धुवून खोबरेल चोळत बसायच्या, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. पावसाआधी राशी गवतानं शाकारून ठेवत. पूर्वी मीठ मचव्यांतून मुंबईला जायचं, पुढे ट्रकांतून. ट्रकमागून रस्त्यावर मिठाच्या पाण्याची ओली रेघ उमटायची.

खाऱ्या जमिनीतला भात वेगळा. जाड, लालसर, पेज केली तर पोटाला दिवसभर आधार देणारा. भात कापला की खाचरांतल्या उरल्या ओलीवर वाल पेरायचे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मधे मीठमसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. सडकेवरून जाणाऱ्या एसटीतल्या लोकांना तो वास यायचा आणि ड्रायव्हर ओळखीचा असला तर गाडी थांबायचीही. बांधाच्या आतल्या तळ्यांत जिताडा, चिखलात निवट्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला चढणीचे मासे सडकेखालच्या मोरीत अडकायचे आणि आम्ही पोरं शाळेचे सदरे काढून पाण्यात उतरायचो.

एसटी हे त्या रस्त्याचं घड्याळ होतं. सकाळची पनवेल गाडी गेली की शाळेची वेळ, दुपारची आली की मिठागरावरची जेवणाची सुट्टी, शेवटची आली की गावात दिवे मालवायचे. थांब्यावर शेड नव्हती, चिंचेचं झाड होतं. झाडाखाली कोळणी पाट्या घेऊन बसायच्या. कुणी आजी कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत हाक मारायची, ‘‘गारी गेली का रं बाला?’’ गेली असली तरी आम्ही ‘‘येतेय, बस’’ म्हणायचो, म्हणजे ती बसायची आणि गोष्टी सांगायची. चिरनेरच्या गोष्टी त्या झाडाखालीच ऐकल्या. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं पडली. सांगणारीनं तेव्हा लहानपणी बंदुकांचे आवाज ऐकले होते. शाळेच्या पुस्तकात पुढे त्याच सत्याग्रहावर दोन-चार ओळी वाचल्या, पण चिंचेखाली ऐकलेलं जास्त खरं वाटलं.

लग्नसराईत तर रस्ता आमचाच. वऱ्हाड पायी निघायचं. पुढे वाजंत्री, मागे बैलगाड्या आणि सगळ्यात महत्त्वाची ती लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण. तिचे धवले सुरू झाले की गाडीवाले आपणहून थांबायचे. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून वऱ्हाड पुढे जाईपर्यंत बिडी ओढत उभा राहायचा. रस्त्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. जो चालेल त्याचा रस्ता.

आता दुसरी बाजू. ही सांगितली नाही तर मी वाचकाला फसवतो असं होईल. तेव्हाचं आयुष्य कठीण होतं. बांधाला खांड गेली की एका रात्रीत खारं पाणी शेतात शिरायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं पीक हातचं जायचं. मुंबई समोर दिसायची. रात्री तिचे दिवे मोजता यायचे. पण गाठायची तर मोरा बंदरातून लाँच धरून भाऊच्या धक्क्याला जायचं, आणि ते भरती-ओहोटी आणि वारा यांच्या मर्जीवर. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ, लाँच लांब उभी. मग छोट्या होडीतून, कधी गुडघाभर चिखलातून जायचं. पावसात समुद्र खवळला की लाँच बंद. मग पनवेलमार्गे मोठा वळसा. अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, छातीत कळ आलेला म्हातारा, यांतले किती जण त्या वळशातच गेले, ते प्रत्येक गावातली जुनी माणसं नावानिशी सांगतील. म्हणून ‘जुने दिवस किती सुखाचे’ असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते दिवस आपले होते, एवढं खरं.

बदल एकदम आला नाही. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. त्याच दशकात समुद्रात बॉम्बे हायला तेल लागलं आणि उरणच्या किनाऱ्यावर तेल-वायूचा मोठा प्रकल्प उभा राहिला. रात्री त्याच्या चिमणीवरची ज्योत आमच्या ओटीवरून दिसायची. बोकडविऱ्याला वायूवरचं वीजकेंद्र आलं. आणि मग बंदराची घोषणा. मुंबई बंदरावरचा ताण कमी करायला समोरच्या तीरावर, शेवा बेटावर, नवं बंदर.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ हे दोन दिवस या रस्त्याच्या इतिहासात बाकी सगळ्यांच्या वर आहेत. जमिनीला योग्य मोबदला हवा आणि घेतलेल्या जमिनीतला काही भाग विकसित करून मूळ मालकाला परत मिळावा, या मागणीसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली माणसं रस्त्यावर उतरली. दि. बा. जासईचेच. दास्तान फाट्याजवळ आणि दुसऱ्या दिवशी पुढे बंदराच्या बाजूला पोलिसांनी गोळ्या चालवल्या. पाच जण गेले. आमच्या घरातल्या बाया त्या दिवशी भाकरीचं गाठोडं घेऊन गेल्या होत्या, त्या रिकाम्या हातानं, अनवाणी परत आल्या. चपला सडकेवरच राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सडकेवर विखुरलेल्या चपला पाहिल्या. मोठ्या माणसांच्या, बायांच्या, एक-दोन लहान मुलांच्याही. या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. आज महाराष्ट्रात कुठेही जमीन घ्यायची म्हटलं की लोक हे तत्त्व मागतात, पण ते या सडकेवर रक्त सांडून मिळालं आहे. मंत्रालयात कुणा उदार अधिकाऱ्याला ते सुचलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्याच पोरांना आता ‘साडेबारा टक्के’ म्हणजे भूखंडाच्या खरेदी-विक्रीतला एक शब्द वाटतो.

२६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. कागदावर जवाहरलाल नेहरू बंदर, लोकांच्या तोंडी न्हावाशेवा. शेवा गाव त्याआधी उठलं होतं. तिथल्या काही कोळी कुटुंबांना उरणजवळ जागा दिली, तिचं नाव हनुमान कोळीवाडा. त्या जमिनीला वाळवी लागली. घराची दारं, खिडक्या, छताचे वासे, देवघरातले पाट, सगळं वाळवीनं पोखरलं. समुद्र सोडून आलेल्या माणसांना जमिनीनंही थारा दिला नाही. पुढे बंदर वाढत गेलं, खाडीत भराव पडत गेला, मासेमारीच्या जागा गेल्या. चार गावांतल्या मच्छीमारांनी दाद मागितली आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यायचा आदेश दिला. प्रकरण नंतर सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला त्या आदेशात रकमेपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. खाडीवर कोळ्यांचा हक्क आहे आणि तो हिरावला गेला, हे लवादानं कागदावर मान्य केलं.

रस्त्यावर पहिला कंटेनर आला तेव्हा गाव बघायला जमलं होतं. लोखंडाचं एवढं मोठं लांबलचक खोकं, त्यावर परकी अक्षरं. पोरं त्याच्या मागे धावली. सुरुवातीची काही वर्षं एक ट्रेलर गेला की दुसरा यायला वेळ लागायचा. १९९९ च्या सुमारास खासगी टर्मिनल सुरू झालं, मग दुसरं, मग तिसरं. करळपासून पुढे खाचरांच्या जागी कंटेनरची यार्डं उभी राहिली. खाचरं भरायला मुरूम लागला, मुरुमासाठी डोंगर फोडले. आमच्या मागच्या टेकडीवर आम्ही करवंदं खायला जायचो. त्या टेकडीचा अर्धा भाग आता नाही. ती कुठे गेली असं कुणी विचारलं तर मी यार्डाकडे बोट दाखवतो. तिथेच आहे, सपाट होऊन.

अरुंद पट्टीला हा भार कसा पेलवणार? ट्रेलरच्या रांगा लागू लागल्या. बंदराच्या दाराशी काम थांबलं की रांग करळपर्यंत, कधी जासईपर्यंत. चालक परप्रांतातले. स्टोव्हवर रस्त्याकडेलाच भात शिजवायचे, गाडीखाली चादर टाकून झोपायचे. आमची माणसं त्यांना शिव्या द्यायची आणि पाणीही द्यायची. दोष त्यांचा नव्हता. त्यांना थांबायला जागा ठेवायचं कुणाच्या आराखड्यात नव्हतं. आणि अपघात. या रस्त्यावर माणूस गमावलेलं नाही असं घर आमच्या पट्ट्यात शोधावं लागेल. दुचाकीवरून कामाला निघालेली तरुण पोरं, शाळेतून येणाऱ्या मुली, दूध घेऊन निघालेले म्हातारे. माझ्या शाळेतल्या सोबत्यांपैकीही काही या रस्त्यानं नेले. त्यांची नावं इथे लिहीत नाही. ती त्यांच्या घरच्यांची आहेत.

१६ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधान बंदरावर आले, बंदराला जोडणारे रस्ते रुंद करण्याच्या कामाचा आरंभ झाला आणि त्याच समारंभात बंदरग्रस्तांना साडेबारा टक्के भूखंडांची पत्रं मिळाली. चौऱ्याऐंशीच्या गोळीबारानंतर तीस वर्षांनी. ज्यांनी लढा दिला, त्यांतले कितीतरी तोवर गेले होते. दि. बा. २४ जून २०१३ ला गेले, त्यांनाही ती पत्रं वाटताना पाहायला मिळाली नाहीत.

रुंदीकरणाचं काम बरीच वर्षं चाललं. आता रस्ता सहा-आठ पदरी झाला आहे, फाट्यांवर उड्डाणपूल आले आहेत. रांगा पूर्वीसारख्या नाहीत. रात्री दिवे असतात. कागदावर राज्य महामार्गाचा राष्ट्रीय महामार्ग झाला. मग १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. शिवडीहून थेट चिर्ल्याला उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली लोकल उरणपर्यंत आली. मुंबई आता दिसते तितकीच जवळ आहे. ज्या पाण्याकडे बघत आमचे आजोबा लाँचची वाट पाहायचे, त्या पाण्यावरून गाडी काही मिनिटांत जाते. मला या गोष्टीचा मनापासून आनंद आहे. पहिल्या दिवशी लोकलनं निघालेल्या बाया खिडकीशी बसून एकमेकींना आपापली शेतं कुठे होती ते दाखवत होत्या. ‘‘ते बघ, तो खांब हाय ना, तिथं आपली खाचरं.’’ त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. गाडीचं कौतुक होतं आणि शेताची ओळखही पक्की होती. दोन्ही एकाच वाक्यात.

पण सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे, आणि मोटारीला एका फेरीचे २५० रुपये. आमच्या गावातल्या बहुतेक घरांत दुचाकी आहे. सेतूचा पाया ज्यांच्या जमिनीत आहे, त्यांतले बरेच जण त्याच्याखालून जातात, वरून नाही. एवढ्या सगळ्या रस्त्यांच्या आणि रुळांच्या मध्ये उरण तालुक्याची शंभर खाटांच्या रुग्णालयाची मागणीही वर्षानुवर्षं ऐकू येते. बेटावरून माणूस लवकर बाहेर नेता येतो हे खरं. पण त्याला बाहेर न्यावं लागू नये, ही लोकांची साधी मागणी आहे.

आणि रस्ता ओलांडणं. तेव्हाच्या आणि आताच्या रस्त्यातला सगळ्यात मोठा फरक मला इथेच दिसतो. तेव्हा पलीकडे मोठ्या आईचं घर होतं. भाजीत मीठ कमी पडलं तर हातात वाटी घेऊन पोर पलीकडे पळायचं. आता त्या दोन घरांमध्ये सहा-आठ पदर आहेत, मधे दुभाजक आहे, आणि बोगद्यापर्यंत किंवा पुलापर्यंत चालत गेल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. म्हाताऱ्या माणसाला तेवढं चालवत नाही. तो दुभाजकावर चढतो. मी एकदा एका आजींना हात धरून पलीकडे नेलं. मधे दुभाजकावर आम्ही बराच वेळ उभे होतो, दोन्ही बाजूंनी ट्रेलर सुटलेले, पायाखालचं सिमेंट थरथरत होतं. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि ओठांत देवाचं नाव चाललं होतं. त्यांना जायचं होतं भावाच्या घरी, रक्षाबंधनाला. ज्या रस्त्यानं बेट मुंबईला जोडलं, त्यानंच एका गावाचे दोन तुकडे केले.

मिठागरं जवळजवळ संपली. खाजणांत भराव पडला आणि पावसाळ्यात पाण्याला वाट उरली नाही, म्हणून ज्या गावांत पूर्वी कधी पाणी शिरलं नाही तिथे आता शिरतं. पाणजे, भेंडखळच्या पाणथळींवर अजून हिवाळ्यात पक्षी उतरतात. त्या पाणथळी वाचवायला झटणारी तरुण पोरं आमच्याच गावांतली आहेत, याचा मला अभिमान वाटतो. पोपटी अजून लावतात, वाल मात्र बाजारातून आणतात. धवलारणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. मुलांना नोकऱ्या मिळाल्या, सगळ्यांना नाही, ज्या मिळाल्या त्यांतल्याही बऱ्याच ठेकेदाराकडच्या. पण घरं पक्की झाली, मुली पदवीपर्यंत शिकू लागल्या. फुंड्याच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या कितीतरी मुली आज बंदरात, यार्डात संगणकावर कंटेनरची नोंद ठेवतात. त्यांच्या आज्या मिठाच्या टोपल्या वाहायच्या. हा बदल मी हलका मानणार नाही. तळपायाच्या भेगांत मीठ जाण्यातली यातना ज्यांनी पाहिली, ते मिठागर परत यावं असं म्हणणार नाहीत.

२०२४-२५ या वर्षात बंदरानं वीस फुटी मापानं ७० लाखांहून जास्त कंटेनर हाताळले. आकडा वाढतच जाणार. पलीकडे नव्या मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. म्हणजे या पट्ट्यातल्या रस्त्यांवरची वाहनं आणखी वाढणार, आणि रस्ता पुन्हा रुंद करायचा प्रस्ताव आज ना उद्या येणार. तो येईल तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या गावांनी आणि तुम्ही वाचकांनीही आमच्याबरोबर एवढं मागावं: प्रत्येक गावापाशी पायी ओलांडायला पूल किंवा बोगदा, दोन्ही बाजूंना सलग सेवा रस्ता, सावलीचा बसथांबा, ट्रेलर चालकांना थांबायला आणि झोपायला जागा, आणि पावसाचं पाणी खाडीकडे जाऊ देणाऱ्या मोऱ्या. या गोष्टी काम संपल्यावर जोडायच्या नाहीत. त्या आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हव्यात. आणि दरवर्षी १६ जानेवारीला जासईत हुतात्म्यांना अभिवादन करायला माणसं जमतात. अटल सेतूवरून येणं आता सोपं झालं आहे. त्या दिवशी सेतू उतरून थेट पुण्याच्या दिशेनं निघू नका, आधी जासईला या.